म्यान

फोंड्याच्या कराटेवाल्याने फॉर्म पुढे केला.
एकावन्न? चालेल, मॅडम, वयाचं काही नाही.
फाईट मात्र करावी लागेल,
त्याशिवाय पट्टा चढत नाही.
त्याच्या मागे काचेच्या कपाटात
सोनेरी प्लास्टिकची माणसं
एकमेकांवर पाय उगारून उभी.
मी पेन परत दिलं.

मडगावातही तेच.
म्हापशात एकाने तर विचारलंच,
समोर कुणी नको असेल
तर शिकायचं कशाला?

प्रश्न बरोबर होता.
उत्तर माझ्याकडे होतं, पण ते हाडाचं.

नववीत मी ज्युदो खेळायचे.
शाळेच्या हॉलमध्ये निळी मॅट, आणि समोर
केप्याची प्रेमावती वेळीप.
पकड नीट होती, पाय नीट पडला,
सगळं नियमात.
तिच्या खांद्याशी आवाज झाला,
सुकं चुडत गुडघ्यावर मोडतात तसा,
आणि त्याच क्षणी पंचाने माझा हात वर केला.
मी खाली बघत होते.
कुणीतरी म्हणालं, इकडे, कॅमेऱ्याकडे.
पदक आईने देव्हाऱ्याशेजारी टांगलं.
किती पावसाळे ते गंजायची वाट पाहिली मी.
गंजलं नाही.

आता पणजीला कोर्टात कारकून आहे.
वादी हजर. प्रतिवादी हजर. पुढची तारीख.
खाजनातल्या एका बांधावरून
एकवीस वर्षं भांडणारे दोघे
एकाच स्कूटरवरून येतात, मी पाहिलंय.

संध्याकाळी रायबंदरला फेरीबोट धरते.
पलीकडे, चोडणात,
मिठाच्या रिकाम्या कोठारात
काजितान आम्हा चौघांना तलवार शिकवतो.
जहाजावर कुक होता तो; कोबे बंदरात
कुणा म्हाताऱ्याच्या अंगणात शिकला म्हणे.
तलवार भेडल्या माडाची. म्यान बांबूचं.
भिंतींना अजून मीठ सुटतं,
टेकलं की पाठ पांढरी.

पहिल्या दिवशी मीच विचारलं, स्पर्धा असतात?
"कोणाकडेन?" तो म्हणाला.
"काडपाची. परत घालपाची. इतलेंच."

इतकंच.
गुडघे टेकायचे. अंगठ्याने मूठ सैल करायची.
उपसायची. हवेत एक रेघ.
मग पात्यावरचं नसलेलं रक्त झटकायचं,
(नसलं तरी झटकायचं, यावर तो फार कडक आहे)
आणि न बघता म्यानात.
डाव्या हाताच्या बेचक्यातून टोक सरकत
आपलं तोंड आपण शोधतं.
माझं शोधत नव्हतं.
नऊ महिने मी तिथेच अडलेली,
बेचक्यात कुसळंच कुसळं.

मासळीच्या टेम्पोवरचा बाबूश एकदा म्हणाला,
पण खरंच कुणी अंगावर आलं तर?
काजितान म्हणाला, "धांव."
आम्ही हसलो. तो हसला नाही.

घरी सांगते, समोर कुणी नसतं.
खोटं आहे ते.
रोज, रेघ ओढण्याआधी,
निळ्या मॅटवर एक मुलगी उठून बसते
खांदा दुसऱ्या हाताने धरून.
मी उपसते. वीतभर अलीकडे थांबवते.
थांबवता येतं हल्ली.
तेव्हा हे कुणी शिकवलंच नव्हतं,
की शिकवलं होतं आणि माझं लक्ष
पंचाच्या हाताकडे होतं?
ती काही बोलत नाही.
मी वाकते, तीही जरा वाकते,
किंवा खांदा दुखत असेल.

काल पहिल्यांदा
न बघता गेली आत.
टक्.
लाकडाचा लाकडाला, एवढासा.
कुणी टाळी वाजवली नाही.
काजितान बाबूशला सुंगटांचा भाव विचारत होता,
धक्क्यावर फेरीचा भोंगा झाला,
आणि मी अंधारात पायांनी
चपला शोधू लागले.